सोपानचा इशारा

इंदापुरात मला 'कॉम्प्युटरच्या बाई' म्हणतात. कॉलेजात सी आणि सी++ शिकवता शिकवता नोकरी संपली, पण नाव राहिले. त्या नावाच्या भरवशावर माणसे माझ्याकडे बिघडलेला प्रिंटर घेऊन येतात, सातबारा काढून मागतात, गॅसच्या नंबराला आधार जोडून मागतात. शेजारचे आबा एकदा टीव्हीचा रिमोट घेऊन आले. म्हणाले, "बाई, ह्यो बी तुमच्याच खात्यातला न्हवं का?" मी रिमोटचे सेल बदलून दिले. आबांचे माझ्याविषयीचे मत त्या दिवसापासून पक्के झाले.

मी खरोखर काय करते हे मी सहसा सांगत नाही. ऐकणाऱ्याचा उत्साह दुसऱ्या वाक्याला मावळतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. यंदा मात्र सांगायचे ठरवले आहे, ते एका माणसासाठी. तो असता तर हा लेख त्यानेच लिहिला असता, आणि माझ्यापेक्षा अधिक हसत लिहिला असता. तो नाही, म्हणून मी लिहिते आहे. मला वेळ लागतो. एक परिच्छेद झाला की मी उठून अंगणात फेरी मारून येते.

यंत्राला आकड्यांखेरीज काही कळत नाही आणि माणसाला फक्त आकड्यांत विचार करता येत नाही. म्हणून माणसे सी, सी++ अशा मधल्या भाषांत आज्ञा लिहितात, आणि एक प्रोग्राम त्या आज्ञांचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतो. त्याला कंपायलर म्हणतात. खिशातला फोन, डेअरीवर दुधाचे फॅट मोजणारे यंत्र, घरी बसून विहिरीवरची मोटार चालू करणारा स्टार्टर, या सगळ्यांच्या पोटातल्या आज्ञा कधी ना कधी कुठल्या तरी कंपायलरमधून गेलेल्या असतात. त्यातला एक कंपायलर मुक्त आहे. म्हणजे त्याची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, आणि दुरुस्ती सुचवायला कुणाच्या शिफारशीची गरज नसते. मी आणि सोपान, ज्याच्यासाठी हे लिहिते आहे तो, या कंपायलरच्या पुढच्या भागात काम करत होतो.

पुढचा भाग म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या वाचकाला सांगणे सोपे आहे. साखर कारखान्यात ऊस आधी गव्हाणीत पडतो, तिथून आत जातो, कापला जातो, पिळला जातो. रस उकळणे, साखर धरणे हे मागे चालते. आमचे काम गव्हाणीपाशीचे. माणसाने लिहिलेले अक्षर अक्षर वाचायचे, त्याचे शब्द करायचे, शब्दांची वाक्ये जुळवायची आणि वाक्याला अर्थ आहे की नाही ते तपासायचे. मग ते मागच्या विभागाकडे सोपवायचे. फरक इतकाच की कारखाना वाळका ऊसही पोटात घेतो. आमच्याकडे एक कंस कमी पडला तरी मोळी परत जाते. आणि परत पाठवताना का पाठवली ते सांगावे लागते, लिहिणाऱ्याचा अपमान न करता.

या सांगण्यापायीच मी या कामात आले. मी शिकवायला लागले तेव्हाचे कंपायलर फार तुसडे होते. चूक एकीकडे आणि ओरड दुसरीकडे. वर्गातल्या एका मुलीने पडदाभर लाल ओळी पाहून मला विचारले होते, "मॅडम, हा माझ्यावर चिडलाय का?" मी हसले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे हा मुक्त कंपायलर हाती आला. तो चुकीच्या जागी नेमकी खूण करायचा आणि खाली अदबीने विचारायचा की तुम्हाला असे म्हणायचे होते का. मला वाटले, हा कुणीतरी शिक्षकाने लिहिला असणार. म्हणून मी तो वाचायला घेतला.

वाचताना छाती दडपते. एक साधी गोष्ट सांगते. सी भाषेत दोन नावांमध्ये फुलीसारखी चांदणी असली तर तो गुणाकार असू शकतो, किंवा एका नव्या वस्तूची घोषणा असू शकते. दोन्ही अगदी सारखे दिसतात. कुठले ते कळायला पहिले नाव कशाचे आहे हे आधीच माहीत असावे लागते, आणि ते पुष्कळ मागे, दुसऱ्याच फाइलीत सांगितलेले असते. म्हणजे वाचता वाचताच सगळे लक्षात ठेवत जावे लागते. माणूस हे करतो तेव्हा त्याला जाणवतही नाही. इथे कुणीतरी बसून ते पायरीपायरीने लिहून काढले होते. ज्यांनी लिहिले ते एका देशातले नाहीत, एका पिढीतलेही नाहीत, आणि त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. एवढे मोठे काम भांडून मोडले कसे नाही, याचे मला पहिल्या दिवशी नवल वाटले होते. अजून वाटते.

मोडत नाही त्याचे कारण आमच्यातल्या दोन रिती.

पहिली अशी, की तुमचा बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून "मला ठीक दिसते" असे लिहिल्याखेरीज आत जात नाही. माझा पहिला बदल एका संदेशातले एक वाक्य सुधारण्याचा होता. तो मार्टा नावाच्या बाईंकडे गेला. त्या थंड मुलखातल्या, एवढेच मला त्यांच्याविषयी आजही माहीत आहे. त्यांनी विचारले, "हे वाक्य खरोखर बाहेर येते याची चाचणी कुठे आहे?" मी एका वाक्यासाठी पानभर चाचणी लिहिली. मग त्यांनी चाचणीतल्या चुका काढल्या. त्या दिवसांत मी वर्गातल्या मुलांशी जरा मऊपणाने वागत होते, असे मुले नंतर म्हणाली.

दुसरी रीत आमच्याकडच्या माणसाला पचायला जड. जगात ठिकठिकाणी निरनिराळ्या जातींची यंत्रे मांडून ठेवलेली आहेत. आत आलेला प्रत्येक बदल ती आपोआप चालवून पाहतात. एकावरही काही मोडले, तर कुणीही तुमचा बदल काढून टाकतो. तुम्हाला विचारत नाही. आधी काढायचे, मग बोलायचे. यात राग नसतो आणि माफीही नसते.

गिऱ्हाइकेही एकेक असतात. एक गृहस्थ दर काही महिन्यांनी आमचा कंपायलर नासका आहे असे मोठ्या अक्षरांत कळवायचे. प्रत्येक वेळी चूक त्यांचीच निघायची. एकदा मात्र ती आमची निघाली, आणि त्या दिवशी ते इतक्या सौम्य भाषेत बोलले की आम्हालाच चुकल्यासारखे झाले. दुसऱ्या एकाने तक्रार केली की त्याचा प्रोग्राम वाचताना कंपायलर कोसळतो. उघडून पाहिले तर कंसात कंस, त्यात कंस, संपतच नाहीत. सोपानने त्याला विचारले, "दादा, हे लिहिले कुणी?" उत्तर आले, "कुणी नाही. हे माझ्या प्रोग्रामने लिहिले." प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम, आणि तो वाचताना धापा टाकणारा आमचा प्रोग्राम. सोपान म्हणाला, "मॅडम, ह्या दोघांच्या भांडणात आपण कशाला पडलो?"

सोपान माझा विद्यार्थी. बारामतीजवळच्या कोऱ्हाळे बुद्रुकचा. त्याचे आजोबा मेंढरे घेऊन कोकणात उतरत. वडिलांच्या वेळी पाण्याची जमीन झाली, मेंढरे गेली, ऊस आणि टोमॅटो आले. वडिलांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणते. सोपान कॉलेजात असताना मी त्याला हा कंपायलर दाखवला आणि मग मला मागे टाकून तो पुढे गेला. पुण्याच्या एका कंपनीने त्याला याच कामासाठी घेतले, आणि घरून काम करायची मुभा दिली. गोठ्याला लागून पत्र्याची खोली होती, तिथे त्याने टेबल मांडले. तात्या लोकांना सांगत, "पोरगं दिसभर खुर्चीत बसतंय आन् वर पगार येतोय. पुलिसांत कळवावं का गप बसावं, कळंना."

सोपानचा पहिला बदल कुणीतरी काढून टाकला तेव्हा त्याने मला फोन केला होता. आवाज पडलेला. "मॅडम, माझं काढून टाकलं. विचारलं पण नाही." मी त्याला रीत समजावून सांगितली. त्याला ती इतकी पटली की पुढे एकदा माझाच बदल त्याने काढला आणि मला संदेश पाठवला, "मॅडम, तुमचं काढलंय. रागवू नका. आधी चहा घ्या, मग बघा." मी आधी बघितले, मग चहा घेतला. चूक माझीच होती.

गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला. आठवडा झाला नाही तोच बारामतीच्या दवाखान्यातून पुण्याला हलवले, आणि तिथून तो परत आला नाही. पस्तिशीही पुरी झाली नव्हती. त्याविषयी याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर किती तरी दिवस मी ते काम उघडले नाही. उघडले तेव्हा सोपानचा एक बदल अर्धवट पडलेला दिसला. त्याखाली मार्टाबाईंचा प्रश्न होता, "तू अजून यावर आहेस का?" तो गेल्यानंतर लिहिलेला. त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. आमच्यात असे आहे की उत्तर न आलेला बदल काही काळाने मिटवून टाकतात. सोपानचे हे शेवटचे काम. मी काही केले नाही तर ते कधी नव्हतेच असे होणार होते.

ते काम काय होते ते सांगते. फाइल वाचताना प्रोग्राम एकेक अक्षर मागत जातो. अक्षरे संपली की अक्षराऐवजी 'संपले' अशी एक खूण येते. ही खूण सगळ्या अक्षरांहून वेगळी हवी, म्हणून ती ठेवायला अक्षराच्या डब्यापेक्षा मोठा डबा लागतो. नवशिके तिला अक्षराच्याच डब्यात कोंबतात. मग काही यंत्रांवर प्रोग्रामला शेवट कधी ओळखताच येत नाही, तो वाचतच राहतो. काही यंत्रांवर एखादे साधे अक्षरच शेवट वाटते आणि उरलेली फाइल वाचायची राहते. दर वर्षी माझा निम्मा वर्ग हे करायचा. सोपानने त्यावर कंपायलरला एक इशारा द्यायला शिकवले होते. मूळ वाक्य इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचे तर असे: "ही खूण या डब्यात मावत नाही, शेवट ओळखता येणार नाही. मोठा डबा घ्यायचा होता का?"

वाक्य त्याचेच होते. तो असाच बोलायचा, शेवटी एक प्रश्न ठेवून.

मी मार्टाबाईंना लिहिले, की लेखक आता हयात नाही, मी त्याची शिक्षिका आहे, त्याच्या नावाने हे पुढे नेले तर चालेल का. त्यांचे उत्तर आले. पहिल्या दोन ओळींत दुःख व्यक्त केले होते. तिसऱ्या ओळीपासून नेहमीसारख्या सूचना. इथले नाव स्पष्ट नाही. ही अट दोनदा तपासली आहे. मोठ्या प्रोग्रामांवर चालवून पाहिले का, नसेल तर पाहा, खोटे इशारे फार येतील अशी भीती वाटते.

मला त्यांचा राग आला. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या हातून राहिलेले काम असे पारखत नाहीत, जसे आहे तसे पदरात घेतात. दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. मग त्या सूचना पुन्हा वाचल्या. सोपानने त्या बदलाच्या एका कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, स्वतःसाठी एक टिपण लिहिले होते. 'इथे नवशिका घाबरेल, शब्द सौम्य हवा.' मार्टाबाईंनी त्याखाली लिहिले होते, "हे बरोबर आहे. हे ठेवा." म्हणजे त्यांनी सगळे वाचले होते. आम्ही कोऱ्हाळ्यात दहा दिवस बसून त्याच्याबद्दल बोललो, रडलो, पण त्याने काय लिहिले ते त्या बाईंइतके सावकाश आमच्यापैकी कुणी वाचले नव्हते. माझा राग गेला आणि त्या जागी काय आले त्याला मला नाव देता येत नाही.

त्यांची भीती खरी होती. जगातले मोठमोठे मुक्त प्रोग्राम मी त्याचा बदल घातलेल्या कंपायलरमधून चालवून पाहिले, तर जिथे माणसाने शेवट आधीच तपासला आहे तिथेही इशारा वाजत होता. बरोबर लिहिणाऱ्याला उगाच टोकले की तो पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्याकडेही पाहत नाही. कुठे गप्प बसायचे ते शिकवणे हे या कामातले खरे अवघड काम. सबंध उन्हाळा त्यात गेला. उजनी धरणाचे पाणी खाली गेले, उघड्या पडलेल्या गाळातली गाळपेराची पिके निघाली, मी एकेक खोटा इशारा बंद करत होते. सोपानची पद्धत हाताला कळत गेली. तो अमुक ठिकाणी असे का वळला असेल, हे कधी कधी पुढची ओळ वाचण्याआधीच लक्षात यायचे, आणि मग ती ओळ तशीच निघायची. त्या वेळी मी उठून अंगणात जाऊन येत असे.

पावसाच्या तोंडावर मार्टाबाईंनी लिहिले, "मला ठीक दिसते." मी बदल आत घातला. लेखकाच्या जागी सोपानचे नाव, तशी सोय असते. आणि तात्यांना फोन केला.

"तात्या, सोपानचं राहिलेलं काम लागलं."

"लागलं? कुठं लागलं?"

"सगळीकडे," मी म्हणाले. दुसरा शब्द सुचला नाही.

 मग तात्या म्हणाले, "बरं झालं, बाई." आणि फोन ठेवून ते डेअरीवर गेले. संध्याकाळच्या दुधाला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. पोराचं काम जगात लागलं म्हणून.

पेढे वाटून होत होते त्याच सुमारास तिकडे परदेशातले चाचणीचे एक यंत्र लाल झाले, म्हणजे तिथे काही मोडले. एका अनोळखी माणसाने सोपानचा बदल काढून टाकला. खाली नेहमीचे वाक्य, "आमच्या यंत्रावर हे मोडते आहे, तूर्त काढत आहे, दुरुस्त करून पुन्हा आणा."

रीत मला पाठ होती. मीच ती सोपानला समजावून सांगितली होती. तरी मी त्या ओळीकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीची एसटी धरली. निमगाव केतकी, जंक्शन, भवानीनगर, सगळा रस्ता मी तात्यांना सांगायची वाक्ये जुळवत होते. बारामतीत नीरेची गाडी मिळाली. माळेगाव, पणदरे मागे पडले. कोऱ्हाळ्यात उतरले तर टपरीवरचा माणूस म्हणाला, "बाई, आमी बी पेढा खाल्ला बरं का. नाव काढलं पोरानं." मी मान हलवली.

तात्या टोमॅटोच्या रोपांना काठी लावत होते. मला पाहून बांधावर आले. सोपानच्या आईने, म्हणजे आक्कांनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी जुळवलेले एकही वाक्य आठवले नाही.

"तात्या, ते काम परत बाहेर काढलंय."

"काढलं? कुनी?"

"एका माणसाने. कोण ते मलाही माहीत नाही."

"आन् तुमी काढू दिलं व्हय?"

"आमच्यात विचारत नाहीत, तात्या. एका यंत्रावर ते चाललं नाही, म्हणून काढलं. माझंही काढतात. सोपानही दुसऱ्यांचं काढायचा."

तात्यांनी हातातली सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारले, "आमच्या सोपानची चूक हुती का?"

मला नाही म्हणता आले असते. यंत्रावर ढकलता आले असते. तात्यांना खरे-खोटे कळण्याचा काही मार्ग नव्हता. पण ज्याने आयुष्यभर चूक नेमकी जिथे आहे तिथे दाखवायचे काम केले, त्याच्या दारात उभे राहून मला ते जमेना.

"हो," मी म्हणाले. "लहान आहे. पण आहे, आणि त्याचीच आहे."

"मंग बरुबर काढलं त्यांनी."

आक्का मधेच म्हणाल्या, "आन् ते पेढं?"

"पेढ्याचं काय?"

"गावानं खाल्लं की. आता परत मागायचं व्हय घरोघर जाऊन?"

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांना हसू फुटले. मग आक्काही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरात सोपान गेल्यापासून हसणे मी पहिल्यांदा ऐकले. हसता हसताच आक्कांचे डोळे भरून आले आणि त्या आत गेल्या.

"दुरुस्त व्हतंय का ते?" तात्यांनी विचारले.

"होतं. मी करते."

"करा. पन नाव त्याचंच ठिवा. चूक बी त्याची, काम बी त्याचं."

चूक अशी होती. जगातल्या बहुतेक यंत्रांवर ही गफलत कंपायलरला पूर्वी दिसत नव्हती, म्हणून सोपानचा इशारा एकटाच बोलायचा. पण काही वेगळ्या जातीच्या यंत्रांवर अक्षराचा डबा जरा निराळा असतो. तिथे याच गफलतीवर बोलणारा एक जुना इशारा आधीपासून होता. सोपानने ती यंत्रे कधी पाहिली नव्हती, पाहायला मिळण्यासारखीही नव्हती. तिथे एका चुकीवर दोन्ही इशारे एकदम बोलले, आणि चाचणीने एकाचीच अपेक्षा धरली होती.

ज्याने बदल काढला होता त्याला मी लिहिले. तो म्हणाला, "दुरुस्ती पाठवा, मी माझ्या यंत्रावर चालवून पाहतो." मी पाठवायची, तो चालवायचा, न चुकता उत्तर द्यायचा. त्याला लेखकाविषयी मी काही सांगितले नाही. सांगून त्याने वेगळे काही केले असते असे वाटत नाही.

शेवटी प्रश्न उरला की दोघांपैकी गप्प कुणी बसायचे. जुना इशारा मोठ्या जाणत्या माणसांनी लिहिलेला होता आणि वर्षानुवर्षे काम करत आला होता. मी नम्रपणे सुचवले की सोपानचा गप्प बसवावा. मार्टाबाईंनी दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली आणि लिहिले, "जुने वाक्य बरोबर आहे. नवे वाक्य वाचून माणसाला काय करायचे ते कळते. जुने गप्प बसेल." तो संदेश वाचून मी उठले आणि फेरी मारायला गेले. त्या दिवशी मोठी फेरी मारली.

बदल पुन्हा आत गेला. या वेळी मी फोन केला नाही. यंत्रे एकामागून एक हिरवी होत गेली. मी आठवडा जाऊ दिला, मग दुसरा. मग नवा कंपायलर माझ्या लॅपटॉपवर घेतला आणि कोऱ्हाळ्याला गेले.

गोठ्याशेजारच्या खोलीत सोपानचे टेबल तसेच होते. त्यावर लॅपटॉप ठेवला. तात्यांना त्याच्या खुर्चीवर बसा म्हटले तर ते बसेनात. दुसरी खुर्ची ओढून दाराशी बसले.

"राहिलं का आता?"

"राहिलं, तात्या. आता कुणी काढलं नाही."

"पेढं न्हाय वाटत म्या."

"नका वाटू. बघायला बसलात तेवढं पुरे."

मी चार-पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, माझा निम्मा वर्ग दर वर्षी लिहायचा तसाच, 'संपले'ची खूण अक्षराच्या डब्यात ठेवून. कंपायलर चालवला. पडद्यावर एक वाक्य उमटले. त्याखाली माझी चुकीची ओळ, आणि ओळीखाली नेमक्या जागी एक टोकदार खूण.

"ह्ये त्याचं?"

"हो. हे शब्द सोपानचे आहेत." मी त्यांना मराठीत वाचून दाखवले. ही खूण या डब्यात मावत नाही. शेवट ओळखता येणार नाही. मोठा डबा घ्यायचा होता का?

तात्या पडद्याकडे बघत राहिले. "व्हय," ते हळू म्हणाले, कुणीतरी त्यांनाच विचारल्यासारखे.

मी डबा मोठा केला आणि कंपायलर पुन्हा चालवला. काहीच आले नाही. नुसती रिकामी ओळ, तिच्यावर उघडझाप करणारी खूण. तात्या वाट पाहत होते.

"का ओ? गप झालं?"

"चूक सुधारली ना. सगळं बरोबर असलं की तो काही बोलत नाही."

तात्या उठले. दाराशी ठेवलेली खुर्ची त्यांनी टेबलापर्यंत ओढून आणली आणि माझ्या शेजारी बसले.

"मंग परत चुका की, बाई."

मी मोठा डबा खोडला आणि पुन्हा लहान लिहिला.